वाटाण्याचा एक वेल आणि मूठभर सपोर्टर : दादासाहेब फाळके सोलो गेम डेव्हलपरला काय शिकवतात?

आज नवा फोन नाही, नवं अ‍ॅपही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. पण आधी माझी थोडी अडचण सांगतो, म्हणजे ही गोष्ट मला का आठवली ते कळेल.

मी एकटा गेम बनवतो. दिवसा नोकरी, रात्री नऊनंतर लॅपटॉप. कोड माझा, चित्रं माझी, पात्रांचे आवाजही माझेच. पाठीशी कंपनी नाही. दर महिन्याला थोडे थोडे पैसे पाठवणारे २५ सपोर्टर आहेत, त्यांच्यावर सॉफ्टवेअरचा आणि सर्व्हरचा खर्च निघतो.

मागच्या पावसाळ्यात माझं गाडं रुतलं. तिसरी लेव्हल जमेना. रोज वाटायचं, अजून थोडं नीट झालं की दाखवू. असं करत तीन महिने एकही अपडेट टाकलं नाही. दोघांनी सपोर्ट बंद केला. भांडले नाहीत, काही बोललेही नाहीत. तेच जास्त लागलं. प्रोजेक्ट बंद करून टाकावा असं ठरवत आलो होतो.

मी नाशिकचा. अशाच एका रविवारी पांडवलेणीच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात गेलो, सहज, वेळ घालवायला. लहानपणी शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेव्हा बागेपलीकडे काही कळलं नव्हतं. या वेळी घरी येऊन फाळक्यांबद्दल मिळेल ते वाचत बसलो. आणि लक्षात आलं, या माणसाची अडचण आपल्यासारखीच होती की!

आधी बरंच काही करून झालं होतं

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई, जादूचे प्रयोग, सगळं शिकले. आजच्या भाषेत, सगळी टूल्स हाताखालून गेलेली.

पण धंदा जमेना. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, तर प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल गेलं. नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून छापखाना काढला. रंगीत छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. परत आल्यावर भागीदारांशी पटलं नाही आणि छापखानाही सुटला.

१९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशूऐवजी त्यांना राम आणि कृष्ण दिसायला लागले. तेव्हा वय चाळिशी ओलांडायला आलेलं, नोकरी नाही, घरात मुलंबाळं. आणि ठरवलं काय, तर सिनेमा बनवायचा.

पुढचे काही महिने ते रोज संध्याकाळी चार-पाच तास सिनेमे बघायचे आणि उरलेल्या वेळात प्रयोग करायचे. झोप तीनेक तास. शेवटी डोळ्यांनी दगा दिला, काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. हा भाग वाचताना मी घड्याळात बघितलं, रात्रीचे दोन वाजले होते. गुपचूप लॅपटॉप बंद केला.

वाटाण्याचा डेमो

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांना घेतला, कच्ची फिल्म आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र यांची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला मुंबईत परतले.

आता यंत्र होतं, पण सिनेमासाठी पैसा नव्हता. पैसेवाल्यांना तरी काय दिसत होतं? एक चाळिशीचा माणूस, दोन-तीन धंदे सोडलेला, आणि आता म्हणतो की हलणारी चित्रं काढतो. तुम्ही दिले असते पैसे?

फाळक्यांनी त्यांना पटवत बसण्याऐवजी एका कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून जास्त दिवस त्याची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. तयार झाली साधारण एका मिनिटाची फिल्म : बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो.

हे तंत्र तुमच्या फोनमध्ये आहे, त्याला आपण टाइमलॅप्स म्हणतो. तत्त्व सोपं आहे. चित्रं टिपायची सावकाश, दाखवायची भरभर. तेव्हाच्या मूकपटांचा वेग सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरला, तर एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात. महिन्यात वाटल्या तर दिवसाला ३२ च्या आसपास. म्हणजे रोजचं काम दोन सेकंदांचं! फोन हे मोजमाप आपोआप करतो, फाळक्यांना ते हाताने करावं लागलं. मध्येच कॅमेरा हलला असता तर महिना वाया.

ही फिल्म मोजक्या लोकांना दाखवली आणि त्यातून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे कर्ज द्यायला तयार झाले. पूर्ण सिनेमा दाखवण्याची गरजच पडली नाही. आपल्या भाषेत हा प्रोटोटाइप. छोटा, पण स्वतःच्या पायावर उभा.

सरस्वतीबाई : सपोर्टर की टीम?

कर्ज पुरेसं नव्हतंच. दुसरी पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले. ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्यांनी केलेलं काम त्याहून मोठं आहे. तेव्हा कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची. ती अंधारात बसून यंत्रावर पाडावी लागायची, कारण उजेड लागला की फिल्म खराब. हे काम सरस्वतीबाई करायच्या. शिवाय उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवायचा आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही.

‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं. हिशोब केला तर एका प्रतीला जवळपास पावणेपाच लाख छिद्रं होतात. मी माझ्या तिसऱ्या लेव्हलच्या भिंतींचे तुकडे जोडून कंटाळलो होतो!

चित्रीकरण दादरला झालं. सिनेमात काम करणं लोकांना कमीपणाचं वाटायचं, म्हणून नटांना सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्र नावाच्या माणसाच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. (२००९ च्या परेश मोकाशींच्या सिनेमाचं नाव तिथूनच आलं.) बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात स्वयंपाकी असलेले साळुंके तारामती झाले. सहा महिने २७ दिवसांनी काम संपलं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये सिनेमा लागला. चालला!

पैसा थांबला तेव्हा

इथे गोष्ट संपवली तर ती फक्त मोटिव्हेशनल व्हिडिओ होईल. खरी परीक्षा पुढे होती.

फाळके नाशिकला आले, आणखी सिनेमे केले. १९१४ मध्ये ते सिनेमे घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कामाच्या ऑफर आल्या, त्या नाकारून परतले. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. पैसे लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला, स्टुडिओचा गाडा ओढणं अवघड झालं. एका सिनेमाच्या यशानंतर पुढचा पैसा आपोआप येतो, असं नसतं. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि प्रचंड चालला. त्यात राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच!

मग बडे भागीदार आले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे सिनेमे आले. ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. पैशाची चिंता मिटली, पण खटके उडायला लागले. फाळक्यांना काम मनासारखं हवं, खर्च कितीही होवो. भागीदारांना खर्चाचा ताळेबंद हवा. शेवटी सगळं सोडून ते काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. काही वर्षांनी परत आले, पण पहिली मजा राहिली नव्हती.

मला वाटतं, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं होतं. नाडकर्ण्यांना काय मिळणार ते वाटाण्याने आधीच दाखवलं होतं. नव्या भागीदारांशी ते बोलणं कधी नीट झालंच नसावं.

पुढे १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलायला लागला. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून बनला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट, कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. तो शेवटचाच ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी.

मी काय बदललं

एक, लपवणं बंद. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, मी तीन महिने तेच करत होतो. आता दर शनिवारी २० सेकंदांची क्लिप टाकतो. पात्र भिंतीत अडकत असेल तर अडकलेलंच दाखवतो. कोंब छोटा असला तरी चालतो, हलताना दिसला पाहिजे.

दोन, सपोर्टरना साफ सांगितलं की पैसे कशावर जातात, गेमबद्दल कोणत्या गोष्टींवर त्यांचं मत घेणार आणि कोणता निर्णय माझाच राहणार. हे सुरुवातीलाच बोललेलं बरं.

तीन, झोप. डोळे गेले तर गेम कोण बघणार? रात्री बारा म्हणजे बारा.

चार, दागिने गहाण ठेवण्याचा किस्सा ऐकायला भारी वाटतो, पण तो प्लॅन नव्हे. घरच्यांचे पैसे न लावता एक छोटा डेमो होतो का, ते आधी बघा. आणि घरातलं कुणी तुमच्यासाठी रात्री टेस्टिंग करत असेल, चहा देत असेल, तर क्रेडिट्समध्ये त्यांचं नाव घाला. माझ्या गेममध्ये पहिलं नाव आता बहिणीचं आहे. सगळे बग तिनेच शोधलेत.

तिसरी लेव्हल अजून पूर्ण नाही. सोडून गेलेल्या दोघांपैकी एक परत आला, दुसरा नाही. २५ जण आहेत. या शनिवारची क्लिप तयार आहे : दार उघडतं, पण अर्धंच. पुढच्या शनिवारी बघू.