यशवंतराव होळकर : रणांगण आणि रोजमुरा

सेनानीच्या शौर्याची नोंद इतिहास घेतो; त्याच्या फौजेच्या थकलेल्या पगाराची सहसा घेत नाही. यशवंतराव होळकरांचे चरित्र मात्र या दुसऱ्या नोंदीवाचून उलगडत नाही.

१७७६ साली जन्मलेले यशवंतराव हे तुकोजीरावांचे अनौरस पुत्र. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजीराव वारले आणि वारसाचा तंटा पेटला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली. सप्टेंबरात पुण्यातच शिंद्यांच्या फौजेने छापा घातला व त्यात मल्हारराव मारले गेले. यशवंतराव निसटून नागपुरास गेले, तर तेथे भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तेथूनही ते सुटले आणि काही काळ धारच्या पवारांच्या आश्रयाला राहिले. जहागीर नाही, खजिना नाही, अशा स्थितीत त्यांनी फौज उभी केली. मराठे स्वार, भिल्ल, पेंढारी व अमीरखानाचे पठाण तीत आले. या सर्वांना बांधणारा दुवा एकच होता : पुढच्या मुलखात मिळेल ती लूट अथवा खंडणी.

शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा असे. तो पडला की उपजीविका गेली. रोजमुरा थकला की स्वार सावकाराच्या दारी जाई, नाहीतर वाटेवरच्या गावात शिरे. छावणीत वैरण संपली म्हणजे तळ हलवावा लागे, मग शत्रू जवळ असो वा नसो. यादवीत तर शत्रूचा मुलूख म्हणजे आपलाच मुलूख. त्यामुळे दोन्ही फौजांचा खर्च अखेर एकाच रयतेवर पडत असे.

एप्रिल १८०१ मध्ये यशवंतरावांचे बंधू विठोजी यांना बाजीराव पेशव्यांनी पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनजवळ शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडल्या. ऑक्टोबरात इंदुरापाशी ते पराभूत झाले आणि शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. अखेर २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, हडपसरच्या मैदानावर, स्वतः स्वारांपुढे राहून त्यांनी शिंदे-पेशव्यांच्या संयुक्त सैन्याचा पराभव केला.

घाटावरच्या या लढाईचा निकाल मात्र कोकणात लागला. आमच्या तळेऱ्यावरून एक वाट गगनबावड्याचा घाट चढते, तर दुसरी विजयदुर्गाच्या बंदराकडे उतरते; घाट उतरून समुद्राचा आश्रय घेणे या किनाऱ्याला नवे नाही. बाजीराव महाडमार्गे सुवर्णदुर्गास आले, तेथून इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. इकडे विजेत्या यशवंतरावांनी आरंभी पुणे शहराला उपद्रव होऊ दिला नाही. पण फौजेचे देणे होतेच. तेव्हा शहरावर जबर वसुली बसली. अशाच फौजेच्या भरणपोषणासाठी १७९८ साली शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यांनीही पुणेकरांना पिळले होते. खानदेश व नगरची गावे या धुमाळीत उजाड झाली आणि १८०३-०४ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली. अवर्षणाला यादवीची जोड मिळाली होती.

पुढे १८०४ मध्ये यशवंतरावांनी भर पावसाळ्यात इंग्रज सेनानी मॉन्सनची माघार उधळून लावली. परंतु नोव्हेंबरात फर्रुखाबादेस पहाटेच्या छाप्यात त्यांचे स्वार विखुरले. २४ डिसेंबर १८०५ रोजी तह झाला. युद्ध थांबले, पण देणेकरी थांबले नाहीत. स्वारांची संख्या घटवू पाहताच पगारासाठी बंड झाले आणि पुतण्या खंडेराव फौजेकडे ओलीस राहिले. भानपुऱ्यास तोफा ओतण्याच्या भट्ट्यांपाशी अहोरात्र राबता राबता यशवंतरावांचे भान सुटले. ऑक्टोबर १८११ मध्ये, पस्तिशीच्या आसपास, त्यांचा अंत झाला.

इंग्रजांचे धोके त्यांनी ओळखले होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. शौर्यही कमी नव्हते. उणे होते ते नियमित महसुलाचे राज्य आणि त्यातून वेळेवर मिळणारा पगार. कंपनीच्या पलटणीला महिन्याला पगार मिळत असे, हा फरक तोफांइतकाच निर्णायक होता. म्हणून हडपसरचा विजय वाचताना त्या दिवशी कोण जिंकले एवढेच न विचारता, त्या विजयाचे बिल कोणाच्या शेतातून वसूल झाले, हेही विद्यार्थ्यांना विचारायला शिकवले पाहिजे.