दोन डोळ्यांची जोडी जुळवणारा झावाल

शस्त्रक्रियेने तिरळा डोळा सरळ दिसू लागला, तरी मूल दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहू लागतेच असे नाही. एकोणिसाव्या शतकात या उणिवेवर उपचार शोधण्यासाठी फ्रान्सचे नेत्रतज्ज्ञ लुई एमिल झावाल यांनी अनेक वर्षे वेचली.

५ मे १८३९ रोजी पॅरिसमध्ये एका सधन बँकमालकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षणाने ते खाण अभियंता. मात्र वडील आणि बहीण या दोघांनाही तिरळेपणा होता. या घरच्या व्याधीनेच त्यांना वैद्यकाकडे वळविले. १८६८ मध्ये त्यांनी तिरळेपणावरच प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली.

दोन्ही डोळ्यांकडून मेंदूला किंचित वेगळी चित्रे मिळतात. त्यांचे एक चित्र झाले की अंतराची आणि खोलीची जाण येते. डोळा तिरळा असेल तर चित्रे जुळत नाहीत. मग मुलाचा मेंदू त्या डोळ्याचे चित्र दडपू लागतो आणि वरवर निरोगी डोळ्याची दृष्टी मंदावते.

झावाल यांनी चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला कामाला लावले. त्यानंतर चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये जगासमोर मांडलेल्या स्टिरिओस्कोपचा आधार घेतला. प्रत्येक डोळ्याला वेगळे चित्र दाखवून ती एकत्र करण्याचा सराव ते रुग्णांकडून करून घेत. बहिणीवरही त्यांनी हेच उपचार केले. मात्र सराव दीर्घकाळ चाले आणि रुग्णाच्या चिकाटीची कसोटी लागे. हा सारा अनुभव त्यांनी १८९६ मधील तिरळेपणावरील ग्रंथात मांडला.

इतरांच्या दृष्टीसाठी झटणाऱ्या झावाल यांना काचबिंदूने गाठले. १९०० पर्यंत त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. तरीही १९०३ मध्ये त्यांनी नव्याने अंधत्व आलेल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक लिहिले. २० जानेवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले.

बालवयात एका डोळ्याला नीट पाहायला मिळाले नाही तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो, हे पुढे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी मांजराच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखविले. १९८१ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले. चष्मा आणि पट्टी हे आजही मुख्य उपचार असले, तरी दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी दृश्ये दाखविणारे संगणकीय उपचारही आता आले आहेत. त्यांचा धागा झावाल यांच्या चित्रांपर्यंत पोहोचतो.

एका डोळ्याने चांगले दिसत असल्याने मूल सहसा तक्रार करीत नाही. म्हणूनच शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र तपासणी अगत्याची ठरते.