थंडी न सोसणारा फूरिये आणि बॉयलरचा साइज

न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्सकडच्या बऱ्याच जुन्या घरांत भिंतीच्या तळाशी लांबलचक पत्र्याची पट्टी दिसते. आत तांब्याचा पाइप, त्यावर पातळ पत्र्याच्या चकत्या. तळघरातला बॉयलर (आपल्या गीझरचा थोरला भाऊच म्हणा) त्यातून गरम पाणी फिरवतो. हे बेसबोर्ड हीटिंग. बॉयलर म्हातारा झाला की प्रश्न पडतो, नवा केवढा घ्यायचा? बरेच जण जुन्याच्या प्लेटवरचा आकडा बघतात आणि तेवढाच, नाहीतर वरचाच उचलतात. खरा हिशोब 200 वर्षांपूर्वी जोसेफ फूरियेने मांडून ठेवलाय.

फूरिये 1768 साली फ्रान्समधल्या ओसेर गावात एका शिंप्याच्या घरी जन्मला. दहाव्या वर्षाच्या आसपास आईवडील दोघंही गेले. गणितात हुशार, पण उमराव घराण्यातला नसल्याने तोफखान्यात अधिकारी होता आलं नाही. राज्यक्रांतीच्या धामधुमीत 1794 मध्ये तो तुरुंगात गेला. रोब्सपिएर पडला म्हणून सुटला. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला आणि परतल्यावर त्याला आल्प्सच्या कुशीतल्या ग्रेनोबलला प्रशासक म्हणून पाठवलं. म्हणजे इजिप्तच्या उन्हातून थेट डोंगरातल्या थंडीत!

तिथे रस्ते, दलदलीचा निचरा अशी सरकारी कामं सांभाळत तो लोखंडी कडी तापवून तापमान मोजत बसायचा. त्यातून जे निघालं ते सोपं आहे. भिंतीतून किती उष्णता बाहेर जाणार हे तीन गोष्टींवर ठरतं: भिंत किती मोठी, आतबाहेरच्या तापमानात फरक किती आणि भिंत उष्णतेला किती अडवते. या अडवण्याला आज आर-व्हॅल्यू म्हणतात.

आकडे घालून बघा. बाहेर 10 अंश फॅरनहाइट (सुमारे उणे 12 सेल्सिअस), आत 70. फरक 60. भिंती 1,000 चौरस फूट, आर-व्हॅल्यू 10. 1,000 गुणिले 60 भागिले 10, म्हणजे ताशी 6,000 बीटीयू. खिडक्या फक्त 200 चौरस फूट, पण आर-व्हॅल्यू 2. उत्तर पुन्हा 6,000! मिळून 12,000, म्हणजे बरोबर 1 टनाच्या एसीएवढी उष्णता. यात छत, तळ आणि फटींतून शिरणारी हवा मिळवायची. समजा सगळं मिळून 40,000 झालं. बॉयलर याच्या जवळपासचा हवा. जुन्याची प्लेट काय म्हणते याला अर्थ नाही, कारण तो बसवल्यानंतर खिडक्या बदलल्या असतील, छतात इन्सुलेशन भरलं असेल.

दुसरी मर्यादा पट्टीची. पाणी 180 अंश फॅरनहाइटला असताना एक फूट पट्टी ताशी साधारण 550 ते 600 बीटीयू देते. 80 फूट पट्टी असेल तर 44 ते 48 हजार, बस्स. तिथे 1,20,000 चा बॉयलर लावला तर जास्तीची उष्णता जाणार कुठे? पाणी झटकन तापतं, बॉयलर बंद होतो, थोड्या वेळात पुन्हा पेटतो. दिवसभर हेच. इंधन वाया जातं, पार्ट्स झिजतात, आणि घर काही जास्त ऊबदार होत नाही.

फूरियेने हे काम 1807 मध्ये पॅरिसला सादर केलं, पण लग्रांज आणि लाप्लाससारख्या दिग्गजांनी आक्षेप घेतले. तापमानाचा कसाही वेडावाकडा आलेख साध्या लहरींच्या बेरजेतून बनतो, हे त्यांच्या पचनी पडेना. 1812 मध्ये बक्षीस मिळालं, तेही कुरकुरतच. पुस्तक छापून यायला 1822 उजाडलं. तुमच्या फोनमधला जेपीईजी फोटो छोटा होतो तो याच लहरींच्या जवळच्या नात्यातल्या गणिताने.

इजिप्तहून आल्यापासून फूरियेला थंडी अजिबात सोसत नसे, असं सांगतात. खोल्या भट्टीसारख्या तापवून, वर जाड कपडे घालून तो बसायचा. उष्णतेचा हिशोब शिकवणाऱ्याच्या घरीच ओव्हरसाइझ हीटिंग! 1830 च्या मे महिन्यात तो जिन्यावरून पडला आणि काही दिवसांतच पॅरिसमध्ये वारला.