मीराबेन: आरमारी अधिकाऱ्याच्या कन्येचे समर्पित जीवन

पुणे-नगर रस्त्यावरील आगाखान पॅलेस ही वास्तू आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. शिरूर तालुक्यातील वडगाव रासाई व आसपासच्या गावांतून पुण्यास येणारा प्रवासी तिच्यावरूनच जातो. कस्तुरबा गांधी व महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांमुळे तिला तीर्थस्थानाचे रूप आले आहे. मात्र याच वास्तूत एका इंग्रज स्त्रीनेही सुमारे पावणेदोन वर्षे बंदिवास भोगला, याचे स्मरण फारसे ठेवले जात नाही. त्या मॅडलीन स्लेड, म्हणजेच मीराबेन यांचा जीवनवृत्तांत आम्ही येथे सादर करीत आहोत.

मॅडलीन यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1892 रोजी इंग्लंडमध्ये झाला. पिता एडमंड स्लेड हे ब्रिटिश आरमारातील अधिकारी. कर्तव्यानिमित्त ते दीर्घकाळ समुद्रावर असत. त्यामुळे मॅडलीन व थोरली बहीण ऱ्होना यांचे बालपण बव्हंशी आजोळी, सरे परगण्यातील डॉर्किंगजवळच्या मिल्टन हीथ या विस्तीर्ण वाड्यात गेले. घोडे, गायी, झाडे व बागकाम यांची जी ओढ तेथे निर्माण झाली, ती त्यांना आयुष्यभर पुरली.

1909 मध्ये एडमंड स्लेड यांची ईस्ट इंडीज आरमारी विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि त्यांचे कुटुंब मुंबईस आले. मॅडलीन तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. मेजवान्या, नृत्याचे कार्यक्रम व शिष्टाचाराच्या भेटीगाठी यांत त्यांचे मन रमले नाही. सुमारे दोन वर्षांच्या वास्तव्यात खरा हिंदुस्थान त्यांच्या दृष्टीस पडलाच नाही. राज्यकर्त्यांच्या बंगल्यांभोवतीची भिंत किती उंच होती, हे यावरून ध्यानी यावे.

त्यांच्या अंतःकरणास पहिला स्पर्श झाला तो बीथोवनच्या संगीताचा. त्या ओढीने त्या फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्या साहित्याकडे वळल्या, मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून फ्रेंच भाषा शिकल्या व स्वित्झर्लंडमध्ये जाऊन त्यांना भेटल्या. रोलाँ यांनी गांधीजींवर नुकतेच पुस्तक लिहिले होते. बोलताना त्यांनी गांधीजींना ख्रिस्ताचीच उपमा दिली. ते पुस्तक वाचून होताच मॅडलीन यांना आपल्या आयुष्याची दिशा गवसली.

उत्साहाच्या भरात त्यांनी हिंदुस्थानचे तिकीट काढले. परंतु आपली तयारी नाही, हे लगेच उमगून प्रस्थान वर्षभर लांबविले. त्या काळात त्यांनी मांस व मद्य सोडले, जमिनीवर झोपण्याचा सराव केला, त्या सूतकताई शिकल्या. पाचारण लाभल्यावर उमेदवारीचा काळ संयमाने स्वीकारणे म्हणजे काय, हे आपल्या धर्मभगिनींना निराळे सांगावयास नको.

7 नोव्हेंबर 1925 रोजी त्या साबरमती आश्रमात पोहोचल्या. गांधीजींनी कन्या म्हणून त्यांचा स्वीकार केला व मीरा हे नाव दिले. मायदेशी आई-वडिलांनी त्यांची वाट अडविली नव्हती. ज्या साम्राज्याच्या आरमारात पित्याने हयात घालविली, त्याच साम्राज्याविरुद्धच्या लढ्यात कन्या उतरली. 1928 च्या जानेवारीत एडमंड स्लेड निवर्तले, तेव्हा त्यांची ही लेक हजारो मैल दूर हिंदुस्थानात होती. समर्पणाचे मोल केवळ समर्पित व्यक्तीच मोजते असे नाही. तिचे घरही ते मोजत असते, असे आम्हांस वाटते.

1931 मध्ये गोलमेज परिषदेच्या वेळी त्या गांधीजींसमवेत लंडनला गेल्या. उच्चकुलीन मॅडलीन स्लेड आता खादीच्या वेषात, कष्टकऱ्यांच्या ईस्ट एंड वस्तीतील किंग्जली हॉलमध्ये उतरल्या होत्या. पुढे वर्ध्याजवळील सिंदी गावी त्यांनी ग्रामसफाईचे काम हाती घेतले. 1936 मध्ये गांधीजी शेगाव येथे, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहावयास आले, त्यापूर्वीच मीराबेन तेथे पोहोचल्या होत्या. आज बापू कुटी म्हणून दाखविली जाणारी झोपडी मुळात त्यांचीच होती. तेथील भिंतींवर मातीत उठविलेली चित्रे त्यांच्या हातची आहेत.

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत गांधीजींसह त्यांना अटक होऊन आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. सहाच दिवसांनी महादेवभाई गेले. 1943 च्या प्रारंभी गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. 22 फेब्रुवारी 1944 रोजी कस्तुरबांनीही देह ठेवला. हे सारे मीराबेन यांनी जवळून पाहिले. 6 मे 1944 रोजी सुटका झाली.

त्यानंतर हिमालयाच्या पायथ्याशी त्यांनी गोसेवा व शेतीचे प्रयोग आरंभिले. ऋषिकेशजवळ पशुलोक उभारले. ओकची जंगले नाहीशी होत आहेत, हा धोका त्यांनी फार लवकर ओळखला व सरकारला सावध केले. मात्र स्वतंत्र भारताच्या कारभारात त्यांच्या बोलण्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. 1959 मध्ये त्यांनी भारत सोडला व अखेरची वर्षे बीथोवनच्या कर्मभूमीत, ऑस्ट्रियात, व्हिएन्नानजीक घालविली. 1982 मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी 20 जुलै रोजी त्या निवर्तल्या.

परक्या भूमीस आपले मानणाऱ्या अनेक मिशनरी स्त्री-पुरुषांचे ऋण आपण कृतज्ञतेने स्मरतो. मीराबेन धर्मप्रसारासाठी आल्या नव्हत्या, तरी सेवेसाठी घर सोडण्याची त्यांची वाट आपल्या ओळखीची आहे. आगाखान पॅलेसमधील समाध्यांपुढे नतमस्तक होताना, त्या दोघांच्या अखेरच्या दिवसांत सोबत असलेल्या या भगिनीसाठीही वाचकांनी क्षणभर प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे.