कीटकांचा शोधक फाब्र

दक्षिण फ्रान्समधील सेंट लेऑन या लहानशा खेड्यात १८२३ साली झां-आंरी फाब्र याचा जन्म झाला. घरची स्थिती अतिशय गरिबीची होती. त्यामुळे बालपणाची काही वर्षे त्याला आजी-आजोबांच्या शेतावर काढावी लागली. एके दिवशी सायंकाळी झुडपातून मंजुळ किणकिण त्याच्या कानी पडली. तेथे एखादे पाखरू असावे, असे त्याला वाटले. काळोखाचे भय बाजूला सारून तो ओळीने काही रात्री तेथे दबा धरून बसला. अखेर हाती आला तो एक नाकतोडा! कीटकही गातात, हे त्या बालकाला स्वतःच्या प्रयत्नाने उमगले.

शिष्यवृत्ती मिळवून फाब्र अव्हिन्यों येथे शिकला व शिक्षक झाला. पगार तुटपुंजा आणि कुटुंब मोठे. तरी सुटीचा दिवस उजाडला की तो माळरानाची वाट धरी. त्या काळी लेऑं द्युफूर या थोर कीटकशास्त्रज्ञाचा एक लेख त्याच्या वाचनात आला. एक जातीची गांधीलमाशी भुंगेरे पकडून आपल्या बिळात साठवते आणि ते भुंगेरे कित्येक दिवस कुजत नाहीत. माशीचे विष मृत भुंगेऱ्यांना टिकवून धरीत असावे, असे द्युफूरचे मत होते. फाब्रला द्युफूरविषयी मोठा आदर होता. परंतु प्रत्यक्ष पाहिल्यावाचून मत स्वीकारणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने त्याच वंशातील गांधीलमाश्यांच्या बिळांपाशी उन्हात तासन् तास बैठक मारली. माशीची शिकार काढून घेऊन तिच्यापुढे जिवंत सोंडकिडा ठेवताच तिने त्याच्या छातीखालच्या सांध्यात नांगी खुपसली. किडा निश्चल झाला. पण तो मेला नव्हता! त्याच्या मज्जातंतूंचे कार्य तेवढे थांबले होते. अळ्यांना ताजे अन्न मिळावे म्हणून निसर्गाने केलेली ही योजना होती. फाब्रने ही गोष्ट १८५५ साली प्रसिद्ध केली.

ज्ञान सर्वांना मिळावे, अशी फाब्रची तळमळ होती. अव्हिन्योंत तो सायंकाळी मोफत व्याख्याने देई. त्या वर्गांत मुलीही येत. त्यांना त्याने फुलांचे परागण शिकवले, म्हणून गावातील काही सनातनी मंडळी खवळली. फाब्रला घर सोडावे लागले, नोकरीही गेली. त्या संकटात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने त्याला पैसे उसने दिले. फाब्रने शालेय पुस्तके लिहून चरितार्थ चालवला आणि ते ऋण फेडले. पुढे १८७७ साली त्याच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. कीटक गोळा करताना सदैव सोबत असणारा त्याचा मुलगा ज्यूल ऐन पोरवयात मरण पावला. फाब्रने काही गांधीलमाश्यांना ज्यूलचे नाव देऊन त्याची स्मृती जपली.

१८७९ साली सेरिन्यां या खेड्यात फाब्रने घर व त्यालगतची सुमारे एक हेक्टर जमीन विकत घेतली. जमीन खडकाळ व काटेरी झुडपांनी भरलेली होती. शेतकऱ्याला ती निरुपयोगी वाटली असती. फाब्रला मात्र ती धनाची खाण वाटली. येथे प्रत्येक खुणेमागचा कर्ता तो शोधून काढी. झुडपांच्या पानांच्या कडांवर कात्रीने कापल्यासारखे गोल व लांबट तुकडे काढलेले दिसत. ते काम पाने कातरणाऱ्या मधमाशीचे होते. लांबट तुकड्यांनी ती आपल्या पिलांच्या खोलीच्या भिंती रचते आणि गोल तुकड्यांनी झाकण घालते. आपल्याकडे गुलाबाच्या पानांवरही अशा खुणा आढळतात.

शेणकिडा जो गोळा ढकलत नेतो त्यात तो अंडे घालतो, अशी समजूत होती. फाब्रने असे कितीतरी गोळे फोडून पाहिले. एकातही अंडे नव्हते. तो गोळा केवळ त्याची शिदोरी होती. मग अंडे कोठे असावे? कित्येक वर्षे हे कोडे सुटले नाही. अखेर एका तरुण धनगराला जमिनीखाली नासपतीच्या आकाराचा शेणाचा गोळा सापडला. त्याच्या निमुळत्या टोकात अंडे होते. त्या धनगराच्या मदतीचा फाब्रने आपल्या ग्रंथात आवर्जून उल्लेख केला.

एकदा त्याच्या खोलीत एक मोठी पतंग-मादी कोशातून बाहेर पडली. त्याच रात्री दूरवरून सुमारे चाळीस नर पतंग घरात शिरले! मादीला घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवताच नर येईनासे झाले; झाकणाला फट राहिली की ते पुन्हा येत. आपल्या नाकाला न कळणारा एखादा गंध त्यांना बोलावीत असावा, असा त्याने तर्क केला. १९५९ साली बुटेनान्ट या जर्मन शास्त्रज्ञाने रेशीमपतंगाच्या मादीपासून असे गंधद्रव्य वेगळे करून दाखवले.

आपली निरीक्षणे फाब्रने दहा खंडांत लिहिली. पहिला खंड १८७९ साली, तर शेवटचा १९०७ साली प्रसिद्ध झाला. डार्विनने त्याच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी केली. फाब्रला मात्र डार्विनचा उत्क्रांतिवाद पटला नाही. या बाबतीत पुढील संशोधन डार्विनच्या बाजूने गेले. पण त्यामुळे फाब्रच्या डोळस परिश्रमांचे मोल कमी होत नाही. १९१५ साली वयाच्या ९१व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती की मौल्यवान उपकरणे नव्हती. एक ओसाड परसू, एक भिंग आणि न थकणारी जिज्ञासा, एवढ्या भांडवलावर त्याने सर्वांच्या पायांखाली असूनही कोणाला न दिसलेले जग उघडून दाखवले.