टिळकांचा दरबार

आजचं वाचन प्रेषितांची कृत्ये 8:26-40, कूशी षंढाचा बाप्तिस्मा. शाळेत हा शब्द मी शिवी म्हणून ऐकलाय, त्यामुळे इथे नेहमी अडखळतो. आज वाचताना रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले.

1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नातलग तुटले. लक्ष्मीबाईसुद्धा काही वर्षं दूरच राहिल्या. पुढे वीसेक वर्षं मिशनचं काम केलं आणि 1917 मध्ये तेही सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. जेमतेम दोन वर्षं मिळाली. 9 मे 1919 ला टिळक गेले.

मी गे आहे. नंदुरबारला आमच्या मंडळीत हे कळलं, तेव्हा प्रभुभोजनाला पुढे येऊ नकोस असं सांगण्यात आलं. टिळकांची गोष्ट माझी नाही, ओढूनताणून जुळवत नाही. त्यांना कुणी काढलं नव्हतं. बाहेरच्यांना जागा व्हावी म्हणून ते स्वतः उठले. माझ्यासाठी अजून कुणी उठलेलं नाही.

त्या रविवारी शेवटचं भजन टिळकांचंच होतं. दाराजवळ बसून मी ते पूर्ण गायलो.