मेजर गिल : जळालं ते आणि उरलं ते

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, मराठीत लेख लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल द्यावी घ्यावी!

सेकंड इयरला माझी हार्ड डिस्क गेली. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर काढलेले आजोबांचे सगळे फोटो त्यात होते. आजोबा आता नाहीत, आणि दुसरी कॉपी कुठेच नव्हती. त्या रात्री मला शाळेच्या सहलीत ऐकलेला मेजर रॉबर्ट गिल आठवला.

गिलचा जन्म 1804 चा. मद्रास आर्मीतल्या या चित्रकार अधिकाऱ्याला 1844 मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम मिळालं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला डोंगर बनला. आमच्या गंगाखेडची काळी माती त्याच खडकाची. अजिंठ्याला वाघूर नदीने तो खडक कापून घोड्याच्या नालेसारखी दरी केली, तिच्या कड्यात लेणी आहेत. तेव्हा तिथे नुसतं रान! गिल तिथे वर्षानुवर्षं राहिला. गावातल्या पारोची त्याला साथ होती. 1856 मध्ये ती वारली. तिची कबर आजही अजिंठा गावात आहे.

गिलची मोठमोठी तैलचित्रं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक चित्रं जळाली. वीस वर्षांची मेहनत एका रात्रीत राख!

पण गिलने मधल्या काळात कॅमेराही हातात घेतला होता. त्याच्याकडे दोन भिंगांचा स्टिरिओ कॅमेरा होता, त्याचे फोटो स्टिरिओस्कोपमधून बघितले की दरी खरीखुरी खोल दिसते. दरी, लेणी, लोणारची मंदिरं, सगळं त्याने टिपलं. त्यातले 74 फोटो घेऊन 1864 मध्ये, म्हणजे आगीच्या दोन वर्षं आधी, जेम्स फर्ग्युसनचं पुस्तक निघालं. कॅनव्हास एकच असतो, फोटोच्या मात्र कितीतरी प्रती निघतात. म्हणून फोटो वाचले.

गिल 1879 मध्ये वारला. त्याला भुसावळला पुरलं. नवी चित्रं काढायला त्याने पुन्हा ब्रश उचलला होता, याचंच मला जास्त कौतुक वाटतं.

मीही या दिवाळीत घाटावर जाऊन आजीचे फोटो काढले. कॉप्या तीन ठेवल्यात. आजोबांचे फोटो काही परत येणार नाहीत. तुम्ही मात्र आजच बॅकअप घ्या!